पोटाला चिमटा

आपल्याकडे पुरुषाच्या पोटावर कोणीही बोलू शकतं. लग्नानंतर वर्षभराने भेटलेला मित्र पोटावर थाप मारून ‘वहिनी चांगलं खाऊ घालतायत’ म्हणतो. गावाकडची माणसं ‘पगार दिसायला लागला’ म्हणतात. ऑफिसात ‘कितवा महिना?’ हा विनोद तर इतका जुना झालाय, की ज्याचं पोट आहे तोच आधी करून मोकळा होतो. त्यामुळे हा विषय गमतीचाच आहे असं आपण धरून चालतो. मग कधीतरी एखादा रिपोर्ट येतो, आणि कालपर्यंत थाप मारणारी माणसं एकदम न्यायाधीश होतात. ‘तोंडावर ताबा नको का?’

मला या दुसऱ्या वाक्याबद्दल बोलायचं आहे. पोट सुटणं हा दोष आहे का? असेल तर कोणाचा? मी काही तत्त्वज्ञान शिकलेलो नाही. इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. वय २८, उंची १७० सेंटीमीटर, वजन ६५ किलो. या आकड्यांवरून बीएमआय साधारण २२.५ येतो, म्हणजे चार्टवर हिरव्या पट्ट्यात. पण सात महिन्यांपूर्वी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये कंबर भरली ९२ सेंटीमीटर, आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे.

चिमटीत न येणारी चरबी

आधी ही चरबी नेमकी काय असते ते बघू, कारण दोषाची चर्चा करणाऱ्या बहुतेकांना ते माहीत नसतं.

बेंबीच्या बाजूला दोन बोटांत धरता येते ती त्वचेखालची चरबी. ती आरशात दिसते, टी-शर्टमधून दिसते, पण त्या मानाने कमी त्रास देते. दुसरी चरबी पोटाच्या स्नायूंच्या आत, आतडी आणि यकृत यांच्याभोवती साठते. तिला व्हिसरल फॅट म्हणतात. ती चिमटीत येत नाही. म्हणून काही पुरुषांचं पोट लोंबत नाही, मडक्यासारखं घट्ट असतं, आणि ते अभिमानाने सांगतात, ‘हात लावून बघ, चरबी नाहीये ही.’

आतड्यांकडून निघालेलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून यकृताकडे जातं. आतल्या चरबीतलं बरंचसं रक्तही त्याच वाटेने जातं. ही चरबी स्वस्थ बसत नाही. ती फॅटी ॲसिड्स आणि शरीरात सूज वाढवणारी रसायनं सोडत राहते. यकृतात चरबी साचते, ते इन्सुलिनला पुरेशी दाद देईनासं होतं, रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड्स वाढतात. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून वेळ मारून नेतं, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. पोट दुखत नाही, थकवा आला तरी आपण तो कामाच्या खात्यावर टाकतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे त्या रस्त्यावर पुढे भेटतात.

पुरुषांमध्ये हे जास्त का? बायकांमध्ये मासिक पाळी सुरू असेपर्यंत इस्ट्रोजेनमुळे चरबी प्रामुख्याने मांड्या आणि नितंबांवर साठते. पुरुषांची पोटावर येते. हा फरक आणि त्याचा मधुमेहाशी असलेला संबंध मार्सेय शहरातल्या जाँ व्हाग या फ्रेंच डॉक्टरांनी १९४७ मध्येच मांडला होता. पुढे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतल्या अभ्यासात दिसलं, की हार्ट अटॅकचा अंदाज बांधायला बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंब यांचं गुणोत्तर जास्त उपयोगी पडतं. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३व्या वर्षी आला होता, इतर देशांतल्या लोकांना ५९च्या आसपास.

म्हणून धोक्याची रेषाही सगळ्यांना सारखी नाही. युरोपीय पुरुषांसाठी ती ९४ सेंटीमीटर धरतात, अमेरिकेत बरीच वर्षं १०२ धरत आले आहेत, भारतीय पुरुषांसाठी ९०. मोजायचं ते पँटचा पट्टा लावतो तिथे नाही, कारण पोट वाढलं की पट्टा खाली सरकतो आणि ३४ची पँट वर्षानुवर्षं बसत राहते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, सावकाश श्वास सोडायचा, आणि पोट आत न ओढता मोजायचं. सोपा नियम हवा असेल तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. माझी ८५च्या आत हवी.

‘स्वतःच्या हाताने केलं’

माझा मामा खासगी ट्रॅव्हल्सच्या गाडीवर ड्रायव्हर होता. बीड-पुणे, रात्रीची गाडी. हातपाय काटकुळे, खांदे अरुंद, आणि स्टिअरिंगला टेकणारं पोट. दारू नाही, तंबाखू नाही. २०१९ मध्ये, ४६व्या वर्षी, हार्ट अटॅकने गेला. दहाव्याच्या दिवशी एक पाहुणे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘ढाब्यावर खाऊन खाऊन स्वतःच्या हाताने केलं त्याने.’ मामी तिथेच भिंतीला टेकून बसली होती.

पाहुणे दुष्ट नव्हते. माणूस अवेळी गेला की कारण सापडावं असं सगळ्यांनाच वाटतं. कारण त्याच्या वागण्यात सापडलं तर आणखी बरं, कारण मग आपण तसे वागत नाही म्हणून आपण सुरक्षित. दोष देण्यामागे बऱ्याचदा ही भीती असते.

पण त्यांच्या वाक्यामागे एक जुना आणि भक्कम विचारही आहे. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या तिसऱ्या भागात तो मांडलाय. जन्मतःच कुरूप असलेल्या माणसाला कोणी दोष देत नाही, पण व्यायाम न केल्यामुळे आणि निष्काळजीपणामुळे शरीर बिघडलेल्याला देतात. जन्मांध माणसाची दया येते, दारूपायी डोळे गमावलेल्याला बोल लावला जातो. म्हणजे जे आपल्या हातात होतं त्यासाठी दोष, जे नव्हतं त्यासाठी नाही. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. अडचण एवढीच, की यासाठी शरीराच्या दोन याद्या करता यायला हव्यात. पोटाच्या बाबतीत त्या करायला बसलं की काय होतं बघा.

ड्रायव्हरच्या पँटी

मामा ड्रायव्हर होता म्हणून मला लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास जवळचा वाटतो. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. लंडनच्या डबलडेकर बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. दोघं एकाच गाडीत, एकाच शहरात. तरी कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता, आणि झालाच तर उशिरा व्हायचा. बसून राहण्याची किंमत शास्त्राला दिसली ती प्रामुख्याने इथून.

पण मॉरिस यांनी स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेतली. १९५६ मध्ये त्यांनी गणवेशांच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हरांच्या पँटींची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी होती, आणि तरुण ड्रायव्हरांचीही मोठीच होती. मग खुर्चीने पोट दिलं, की मुळात पोटाकडे कल असलेली माणसं खुर्चीकडे गेली? पुढे असंही दिसलं, की कंडक्टर बारीक असो, मध्यम असो की पोट सुटलेला, त्याला धोका त्याच अंगलटीच्या ड्रायव्हरपेक्षा कमीच. म्हणजे खुर्चीचा वाटा खरा, आणि माणसाने सोबत आणलेल्या शरीराचाही वाटा खरा.

आता याद्या करा. मामाने ड्रायव्हिंग निवडलं हे खरं. पण तीन एकर कोरडवाहू जमीन, दहावी नापास आणि हातात लायसन्स, एवढ्यावर त्याने आणखी काय निवडलं असतं? रात्री अडीच वाजता ढाब्यावर गाडी थांबते तेव्हा तिथे मटकीची उसळ आणि भाकरी मिळत नाही. ‘पोटापाण्यासाठी’ हा शब्द आपण सहज वापरतो. त्याचं पोट पोटापाण्यासाठीच वाढलं.

एकच बीएमआय, दोन शरीरं

आणि सोबत आणलेल्या शरीराचं काय? त्याचं उत्तर शोधायला लंडनला जायची गरज नाही, ते पुण्यातच आहे.

जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक पानभर मजकूर आणि एक फोटो आला. फोटोत दोन डॉक्टर शेजारी-शेजारी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांचं आद्याक्षर वाय, म्हणून याला ‘वाय-वाय पॅरॉडॉक्स’ म्हणतात. मजकुरात त्यांनी स्वतःचीच थट्टा केलीय. युडकिन मॅरेथॉन पळतात, याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पोचण्यासाठी पळणं. पण लगेच पुढे ते गंभीर होतात. जनुकांचा वाटा किती ते अजून ठरायचंय, आणि याज्ञिक यांचं जन्मवजन कमी होतं, म्हणजे आईच्या पोटातच पोषण कमी पडलं असण्याची शक्यता आहे. सवय, जनुक, गर्भ. एकाच माणसाच्या पोटाची तीन कारणं, आणि कुठलंही दुसऱ्याला खोडत नाही.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनमधली ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. चरबी मात्र त्या मानाने जवळपास तेवढीच. बारीक दिसणारं आणि तरी चरबी राखून असलेलं बाळ. हा साचा जन्माच्या दिवशीच तयार होता, पहिला वडापाव खायच्या कितीतरी आधी.

यामागचा तर्क असा. पोषण कमी असेल तर गर्भ आधी मेंदू वाचवतो आणि स्नायूंवर कात्री लावतो. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वांत जास्त वापरणारी जागा म्हणजे स्नायू. ती मुळातच कमी. असं शरीर टंचाईसाठी तयार होतं आणि पुढे त्याला मिळते खुर्ची, पगार आणि दहा मिनिटांत घरपोच जेवण. मग बाकीच्यांना जे पचतं ते त्याला पचत नाही.

आजीचं वाक्य

मामाचा जन्म १९७३चा. म्हणजे १९७२चा दुष्काळ चालू होता तेव्हा तो आजीच्या पोटात होता. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि सुकडी खायची. त्या दहाव्याच्या दिवशी पाहुण्यांचं बोलणं ऐकून ती एवढंच म्हणाली, ‘पोटाला चिमटा काढून वाढविला त्याला. पर माझ्या पोटातच त्याला कमी पडलं.’

तिने याज्ञिक वाचले नाहीत. दुष्काळ आणि मामाचा अटॅक यांच्यात सरळ रेघ मारणं शास्त्रालाही शक्य नाही, एका माणसाबद्दल असं सांगता येत नाही. तरी तिने ती मारली, आणि रेघेच्या टोकाला स्वतःला उभं केलं.

दोष शोधत मागे गेलं की काय होतं ते मला इथे दिसलं. मामावरून दोष काढला तर तो कोणाच्या तरी अंगावर पडतोच, आणि आपल्या घरांत तो पडण्याची ठरलेली जागा म्हणजे आई. ‘गर्भात पोषण कमी पडलं’ हे वाक्य उद्या ‘आईने नीट खाल्लं नाही’ असं व्हायला वेळ लागत नाही. पण पुण्याच्या त्या अभ्यासात आणखीही काही होतं. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती, आणि ज्यांच्यावर शेतातल्या आणि घरातल्या कष्टांचा भार जास्त त्यांची लहान. बऱ्याच जणींमध्ये बी-बारा हे जीवनसत्त्व कमी होतं. आता कष्टाचा भार किती आणि ताटात दूध येतं की नाही, हे त्या बाईने ठरवलेलं असतं का? घरातले पुरुष आणि मुलं जेवून उठल्यावर उरलेलं खायला बसणारी बाई तिच्या ताटाची मालकीण नसते.

मग करायचं कोणी?

दुसरा मोह असतो हात वर करण्याचा. ‘आमच्या खानदानातच पोट आहे’ म्हणायचं आणि दुसरी प्लेट मागवायची. दोष नाही म्हणजे जबाबदारीही नाही, असं आपण सहज धरून चालतो. मला हे दोन शब्द वेगळे ठेवायचे आहेत.

अमेरिकन विचारवंत आयरिस मॅरियन यंग यांचं ‘रिस्पॉन्सिबिलिटी फॉर जस्टिस’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर २०११ मध्ये आलं. त्यात ही फोड आहे. दोष मागे बघतो, कोणी केलं ते शोधतो. जबाबदारी पुढे बघते, आता हे बदलण्यात कोणाकोणाचा हात लागू शकतो ते विचारते. दोष एकाच्या गळ्यात घालता येतो, जबाबदारी वाटून घ्यावी लागते.

आमच्या धंद्यात हे रोज घडतं. मी ज्या सिस्टिमवर काम करतो तिचा निम्मा कोड माझ्या आधीच्या लोकांनी लिहिलाय. त्यातले काही केव्हाच कंपनी सोडून गेले. रात्री दोनला सर्व्हर पडला आणि ऑन-कॉल मी असेन तर ‘हा कोड माझा नाही’ म्हणून झोपता येत नाही. दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेमची मीटिंग होते, तिचा नियम असतो की कोणाचं नाव घेऊन दोष द्यायचा नाही. हा चांगुलपणा नाही, व्यवहार आहे. दोष दिला की पुढच्या वेळी माणसं चूक लपवतात, आणि लपवलेली चूक दुरुस्त होत नाही.

पोटाचंही तसंच आहे. लाज वाटते म्हणून पुरुष कंबर मोजत नाहीत, रिपोर्ट उघडत नाहीत, सैल शर्ट घालतात. थट्टेने कोणाचं पोट आत गेलेलं मी पाहिलं नाही, पण थट्टेमुळे डॉक्टरकडे जायचं टाळणारे पाहिलेत. आणि टाळणं इथे महाग पडतं, कारण हीच आतली चरबी प्रयत्नांना लवकर दाद देते. नियमित चालण्या-पळण्याने वजन फारसं न हलताही ती कमी होऊ शकते. नुसत्या क्रंचेसनी मात्र नाही, त्याने वरचा स्नायू घट्ट होतो आणि आतली चरबी आत राहते.

माझा वाटा मी उचलतोय. रोज ४० मिनिटं भरभर चालतो, आठवड्यातून दोन दिवस वजनं उचलतो, साखरेचा चहा सोडला. वजन दीड किलोच उतरलं, पण कंबर ८८वर आलीय. पण माझा वाटा म्हणजे सगळं नाही. आमच्याकडे अमेरिकेतल्या क्लायंटसाठी कॉल रात्री साडेदहापर्यंत चालतात. त्याच कंपनीने गेल्या वर्षी ‘विलपॉवर’वर वेबिनार ठेवला, रात्री आठला, आणि स्टेप्स चॅलेंजच्या विजेत्याला जेवण मागवायच्या ॲपचं कूपन दिलं. हेतू वाईट नसेल. पण चालणं कर्मचाऱ्याच्या इच्छाशक्तीवर सोडायचं आणि त्याचं वेळापत्रक चर्चेबाहेर ठेवायचं, याला मी जबाबदारी वाटून घेणं म्हणत नाही. आम्ही टीममधल्या सहा जणांनी लिहून दिलं, की आठवड्यातून तीन दिवस आठनंतर कॉल नकोत. त्यातले दोन मिळाले. मामाला असा अर्ज करायला जागाच नव्हती, आणि त्याच्यासारखेच आज लाखो जण गाड्या चालवतायत, रात्रभर गेटवर बसतायत.

आणि एक वाटा तर पुरुषाच्या पोटाशी संबंधित आहे असं कोणाला वाटतच नाही. माझी धाकटी बहीण पाचव्या महिन्यात आहे. आम्ही शाकाहारी, म्हणून डॉक्टरांना विचारून तिची बी-बाराची तपासणी करून घेतली. घरात नियम केलाय, की ती आधी जेवणार आणि गरम जेवणार. आजी आधी म्हणाली, ‘गड्यांच्या आधी?’ मग काही वेळाने तिनेच उठून बहिणीच्या ताटात दह्याची वाटी ठेवली.

मुलगा झाला तर २०७०च्या आसपास तो मामाच्या वयाचा होईल. तेव्हा त्याचं पोट पुढे आलेलं असेल की नाही, यातलं काही त्याच्या हातात असेल, काही त्याच्या नोकरीच्या. काही मात्र आजच ठरतंय, आमच्या स्वयंपाकघरात, तो कोणाला दिसायच्याही आधी. तेवढं तरी आमच्या हातात आहे.